मोरी गावच्या बाई

"काय जेवलात?"

बाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. नाव त्यांनी नंतर विचारलं, शिक्षण त्याच्याही नंतर, आणि जात कधीच नाही. गिरगावातल्या त्यांच्या खोलीच्या दारात मी उभा होतो. बॅलार्ड पियरहून धोबीतलाव ओलांडून चालत आल्यामुळे सदरा पाठीला चिकटला होता. मला वाटलं, बाई जेवायला थांबवताहेत. मी संकोचून म्हणालो, "जेवून आलोय."

"ते झालं हो. पण काय जेवलात?"

"दुपारी डब्यात सुक्या बोंबलाचं कालवण होतं. आणि भाकरी."

बाईंनी डोळे मिटले. आतल्या खोलीत कुणाला तरी शोधत असाव्यात तशा त्या उभ्या राहिल्या. मग डोळे उघडून खेदानं म्हणाल्या, "नाही. सुक्या बोंबलाला कुणी नाही. त्याला गार पाणीच. या, बसा."

त्या वेळी मी एका जहाज कंपनीत कारकून होतो. मार्सेयहून येणाऱ्या मालाचे कागद फ्रेंचमध्ये असत आणि ते वाचणारे गृहस्थ निवृत्तीला आले होते. जो फ्रेंच शिकेल त्याला ते टेबल, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. आमच्या परळच्या चाळीत फ्रेंच शिकवणारं कोण भेटणार? ऑफिसातल्या एकानं बाईंचा पत्ता दिला आणि देताना हसला. म्हणाला, "बाई हुशार आहे. फक्त जरा मोरीतली आहे."

या हसण्याचा अर्थ मला पुढं कळला. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या डोंगरांच्या अलीकडं, मोरी नावाचं एक लहानसं गाव आहे. बाई तिथं काही वर्षं राहिल्या होत्या आणि ते त्या अगदी सरळपणे सांगत. "मी मोरीत होते तेव्हा..." अशी त्यांची निम्मी वाक्यं सुरू व्हायची. त्या गावात द्राक्षांपासून जी गोड, दाट, काळपट वाइन करतात तिचंही नाव मोरीच. बाईंच्या वाडीतल्या लोकांना थट्टेसाठी एवढं भांडवल रग्गड होतं. समोरच्या खोलीतल्या काकू तर पदर तोंडाला लावून सांगायच्या, "अहो, संक्रांतीला गुळाची पोळी नेऊन दिली, तर म्हणते कशी, याच्याबरोबर मोरी हवी! अन्नाबद्दल असं बोलतं का कुणी?"

बाईंनी त्यांचं सारं आयुष्य एका बैठकीत कधीच सांगितलं नाही. मला ते तुकड्यातुकड्यांनी मिळालं, बहुतेक वेळा एखाद्या क्रियापदाचं उदाहरण म्हणून. यजमान डॉक्टर होते. पुढच्या शिक्षणासाठी दोघं फ्रान्सला गेली. तिथं यजमानांची फुप्फुसं बिघडली. कोरड्या डोंगरी हवेत राहा असं सांगितल्यामुळं दोघं मोरीत येऊन राहिली आणि तिथंच ते गेले. 'तो गेला' या वाक्यात फ्रेंचमध्ये 'असणे' हे क्रियापद मदतीला येतं, 'जवळ असणे' येत नाही, हे बाईंनी मला या प्रसंगावरून शिकवलं. शिकवताना त्यांचा आवाज बदलला नाही. मी मात्र तो नियम पुन्हा चुकलो नाही.

यजमान गेल्यावर त्या लगेच परतल्या नाहीत. घरमालकीण स्वतः विधवा होती, तिचे द्राक्षांचे मळे होते. तिच्या स्वयंपाकघरात बाई कामाला लागल्या आणि तिथं त्यांना ही विद्या मिळाली. कोणत्या पदार्थाशेजारी कोणती वाइन शोभते, आणि का. युरोपात लढाईचं वातावरण झालं तेव्हा त्या मुंबईला आल्या. बरोबर एक कपड्यांची ट्रंक होती आणि गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांची एक पेटी. सासरच्यांनी यजमानांच्या हिश्शाची खोली दिली आणि बोलणं बंद केलं.

ती वाइन कशी करतात हे त्या फार गोडीनं सांगत. "द्राक्षाचा रस आंबायला लागला की त्यातली साखर संपत जाते. सगळी संपू दिली तर साधी वाइन होते. पण आमच्या मोरीत साखर संपायच्या आत त्यात मद्यार्क ओततात. आंबणं तिथंच थांबतं. जेवढी गोडी उरली तेवढी राहिली. मग काचेच्या मोठ्या फुगीर बरण्यांत भरून ती अंगणात ठेवतात. वर्षभर. ऊन, थंडी, पाऊस, सगळं तिनं सोसायचं."

"म्हणजे लोणच्यासारखं," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "घरमालकिणीला मी हेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या, "पण तिला लोणचं ठाऊक नव्हतं."

त्यांचे नियम होते. पदार्थ जितका गोड, त्याहून वाइन थोडी अधिक गोड हवी, नाहीतर ती बिचारी आंबट वाटते. खारटाशेजारी गोड बसतं. कडू आणि भाजकं यांना मोरीचा शेजार आवडतो. या नियमांत त्यांनी अख्खं गिरगाव बसवून पाहिलं होतं. श्रीखंडाला म्युस्का ही वाइन, कारण तिला फुलांचा वास असतो आणि केशराला एकटं वाटत नाही. पुरणपोळीला रिव्हसाल्त, तीही जुनी, कारण तिच्यात अक्रोडाचा स्वाद असतो आणि पुरणात जायफळ असतं. भरल्या वांग्यांनाही तीच चालेल असं त्यांना वाटे, पण खात्री नव्हती आणि ती खात्री नसणं त्यांना टोचत असे. इराण्याकडच्या काळ्या चॉकलेटला, गुळाच्या पोळीला आणि सुक्या अंजिराला मोरी. हापूस आंब्याबद्दल विचारलं तर त्या हात वर करत. "त्याच्यासमोर कुणी उभं राहू नये. अपमान होतो."

हे सगळं चाललं होतं ते कडक दारूबंदीच्या मुंबईत. पिणारे चोरून पीत आणि न पिणारे चोरून हसत. बाई जेवायला बसल्या की ताटाच्या डाव्या हाताला एक लहानसा रिकामा पेला ठेवायच्या. त्यात काही नसे. पेटीतल्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या, फक्त एक उरली होती. ती कपाटात, नऊवारी पातळांच्या मागं उभी असायची. ती त्यांनी का ठेवली होती, असं मी एकदा विचारलं. "अजून तिच्या तोडीचं जेवण झालं नाही," त्या म्हणाल्या.

परवाना काढावा म्हणून त्या एकदा सरकारी कचेरीत गेल्या होत्या. तिथली हकिगत त्या चिडून सांगत. आजारी माणसाला औषध म्हणून दारूचा परवाना मिळे. ओळखीच्या डॉक्टरांनी हृदय अशक्त असल्याचा दाखला द्यायची तयारी दाखवली होती. बाईंनी तो घेतला नाही.

"अधिकाऱ्यांनी विचारलं, आजार कोणता? मी म्हटलं, आजार नाही. ते म्हणाले, मग दारू कशाला? मी म्हटलं, जेवणाबरोबर. ते म्हणाले, बाई, काहीतरी आजार सांगा, मला सही करायचीय. मी म्हटलं, भूक लागते, तेवढाच आहे."

परवाना नाकारला गेला. बाटली कपाटात राहिली, बेकायदा.

आणखी एक त्यांचा विक्षिप्तपणा म्हणजे त्या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. दूधवाल्याला, झाडूवाल्याला, समोरच्या काकूंना, मला. खिडकीत येणाऱ्या मांजरालासुद्धा. "तुम्ही काल नाही आलात," असं त्या मांजराला म्हणायच्या. वाडीतली पोरं खोकून हसायची. मला हसू येत नसे. ऑफिसात शिपाईसुद्धा मला 'ए' म्हणायचा. बावीस वर्षांच्या आयुष्यात मला 'तुम्ही' म्हणणारं पहिलं माणूस या बाई होत्या.

आमच्या घरी हे प्रकरण कळलं ते ऑफिसातल्याच कुणाकडून तरी. बाबा त्या वेळी गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईवर होते. कापड विणायच्या साळखात्यात आमच्या लोकांना घेत नसत, कारण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आमच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. नुकतेच ते नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले होते. घरातले देव गेले होते, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती, आणि बावीस प्रतिज्ञा बाबांना तोंडपाठ होत्या. त्यांतली दारूची प्रतिज्ञा ते जरा मोठ्यानं म्हणायचे. त्याला कारण होतं. धाकटे चुलते हातभट्टीपायी गेले होते.

"तुला ती बाई फ्रेंच शिकवते का बाटली?" बाबांनी विचारलं. मी समजावून सांगत होतो तोवर ते उठून गेले.

पुढच्या रविवारी मी शिकवणीला बसलो असताना ते बाईंच्या दारात उभे राहिले. धुतलेला पांढरा सदरा, पायात चपला, आणि त्या चपला बाहेर काढाव्यात की नाही या विचारात.

"मी याचा बाप."

"या, बसा. काय जेवलात?"

बाबा गोंधळले. "ते राहू द्या बाई. तुमच्याकडं दारू आहे म्हणतात."

"आहे. एक बाटली."

बाबांनी वाद घालायची तयारी करून आणली होती. समोरचा माणूस एवढ्या पटकन कबूल होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "आम्ही शपथ घेतलीय," ते म्हणाले. "माझा भाऊ दारूनं गेला. रस्त्यात पडला होता, मीच उचलून आणला. अंगाला तो वास होता. आता तो वास माझ्या घरात नको."

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "यांना मी थेंब देणार नाही. यांनी कधी मागितली तर शिकवणी त्या दिवशी बंद. तुमची शपथ या घरातही चालेल."

मग त्यांनी तांब्यातलं पाणी स्वतःच्या फुलपात्रात ओतून बाबांपुढं ठेवलं. बाबा अर्धं प्यायले. बोलता बोलता बाईंनी तेच फुलपात्र उचललं आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं. तहान लागली होती, पाणी समोर होतं.

घरी जाताना भायखळा आला. बाबा एकदम म्हणाले, "तऱ्हेवाईक आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "जात जा तू."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. फाउंटनला गोळीबार झाला होता. परळ-लालबागला रोज सभा आणि गिरगावात रोज मोर्चे चालले होते. भिंती घोषणांनी भरल्या होत्या. बाईंना राजकारण कळत नाही असं सगळे धरून चालत. त्या सभांना जात नसत. एकदा मात्र त्या मला म्हणाल्या होत्या, "मुंबईशिवाय महाराष्ट्र म्हणजे पुरणाशिवाय पोळी. खाता येते, पण सण होत नाही." एवढंच त्यांचं भाषण.

अशाच एका संध्याकाळी रस्त्यावर दगडफेक झाली आणि अश्रुधूर सुटला. खिडक्या लावूनही आमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाई हट्टानं क्रियापदं चालवत होत्या. इतक्यात दार ढकलून एक तरुण आत आला. समोरच्या काकूंचा पुतण्या होता तो. कपाळ फुटून रक्त डोळ्यावर येत होतं. "काकूकडं कुलूप आहे," तो धापा टाकत म्हणाला, "मागं पोलीस लागलेत."

बाईंनी त्याला दंडाला धरून आत नेलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती, तिच्या कठड्याआड त्याला बसवलं. दोरीवरचं ओलं पातळ पुढं ओढलं आणि परत येऊन खुर्चीवर बसल्या. "हं. भविष्यकाळ," त्या म्हणाल्या. मला वर्तमानकाळसुद्धा आठवत नव्हता.

फौजदार आणि दोन शिपाई आत आले. फौजदारांनी माझ्याकडं बोट केलं. "हा कोण?"

"विद्यार्थी आहेत. फ्रेंच शिकतात."

"बाई, इकडं कुणीतरी पळत आलंय. वाडीतली माणसं पोरांना लपवतात, आम्हाला माहीत आहे. खरं सांगा, काय लपवलंय घरात?"

मला वाटलं, संपलं. बाईंना खोटं बोलता येत नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. परवान्यासाठी एक खोटा आजार ज्यांना सांगवला नव्हता त्या आता काय करणार? बाईंनी फौजदारांकडं शांतपणे पाहिलं. आणि म्हणाल्या, "मोरी आहे."

शिपाई एकमेकांकडं पाहायला लागले.

"कपाटात," बाई म्हणाल्या. "पातळांच्या मागं. परदेशी दारू आहे. माझ्याकडं परवाना नाही."

फौजदारांनी कपाट उघडलं. पातळं बाजूला केली आणि बाटली बाहेर काढली. काळी, मेणाचं बूच लावलेली. दगड मारणारा पोरगा शोधायला आलेल्या माणसाला अशी बाई आणि अशी बाटली भेटेल अशी कल्पना नसणार. शिपायांचे चेहरे उजळले. पंच बोलावणं, कागद करणं, लाखेचा शिक्का मारणं यात सगळे गुंतले. स्वयंपाकघराकडं कुणी फिरकलं नाही. बाई चपला घालून त्यांच्याबरोबर चौकीवर गेल्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, "दार ओढून घ्या. आणि आत कपाळाला हळद लावा."

चौकीत काय झालं ते मी पाहिलं, कारण पुतण्याच्या कपाळाला हळद लावून, काकू परतल्यावर त्याला त्यांच्या ताब्यात देऊन मी धावत तिकडं गेलो होतो. माझ्या मागोमाग वाडी आली. बाईंना सरकारनं पकडलं एवढीच बातमी पसरली होती. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशा घोषणा चौकीसमोर सुरू झाल्या. जामिनाला वाडीतलेच एक वकील उभे राहिले. बाई बाहेर आल्या तेव्हा काकू हार घेऊन पुढं झाल्या. बाईंनी हात आडवा धरला.

"हार नको. तुमचा गैरसमज झालाय. मला बाटलीसाठी धरलंय."

घोषणा थांबल्या. लोक चुळबुळले. मागून कुणीतरी विचारलं, "कसली बाटली?"

"वाइनची. मी चळवळीसाठी काहीही केलेलं नाही."

काकूंचे डोळे लाल होते, ते अश्रुधुरानं का आणखी कशानं हे सांगता आलं नसतं. "असू दे बाटली," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा घरी आहे." त्यांनी पुतण्याला मुलगा म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं. आणि हार बाईंच्या गळ्यात घातला. तो बाईंनी तिथंच काढून हातात धरला. घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा एखादं चुकीचं वाक्य फळ्यावर तसंच राहिल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाई, तुम्ही मुद्दाम सांगितलंत ना बाटलीचं? तो सापडू नये म्हणून?"

"फौजदारांनी 'काय लपवलंय' असं विचारलं," बाई म्हणाल्या. "'काय काय लपवलंय' असं विचारलं असतं तर अडचण झाली असती." आणि पुस्तक उघडलं. याहून जास्त उत्तर मला कधी मिळालं नाही.

खटला चालला. बाबा त्या दिवशी पाळी बदलून कोर्टात आले आणि शेवटच्या बाकावर ताठ बसून राहिले. न्यायाधीशांनी बाईंना विचारलं, आरोप मान्य आहे का. बाईंनी मान्य केला. वय आणि प्रतिष्ठा पाहून दंडावर सुटका झाली, आणि बाटली नष्ट करावी असा हुकूम झाला.

बाटली नष्ट करताना हजर राहू द्यावं, असा अर्ज बाईंनी केला. असा अर्ज आजवर कुणी केला नव्हता, त्यामुळं तो नाकारायचा कसा हे कुणाला माहीत नव्हतं. दुपारच्या उन्हात आम्ही चौकीच्या मागच्या अंगणात उभे राहिलो. फौजदार तेच होते. पंच म्हणून माझी सही घेतली. शिपायानं मेण खरवडलं आणि बूच काढलं.

"एक विनंती आहे," बाई म्हणाल्या. "ओतण्यापूर्वी वास घेऊ द्या. आधी यांना."

मी मागं सरकलो. त्या म्हणाल्या, "श्वास घेतल्यानं शपथ मोडत नाही. मोडत असती तर मी सांगितलं नसतं."

मी बाटलीच्या तोंडाशी वाकलो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. दारूचा एकच वास मला ठाऊक होता, आणि तो चुलत्यांच्या अंगाचा होता. बाबांनी त्यांना आणून ओटीवर ठेवलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. तो वास आता येईल या धास्तीनं मी श्वास घेतला. तो आला नाही. आधी काहीच आलं नाही. मग काकवी आली. मग कॉफीचे भाजलेले बुंददाणे, सुकं अंजीर, आणि त्यांच्या मागून उन्हात तापलेल्या दगडावर पाणी शिंपडल्यासारखं काहीतरी. मी परत वाकलो. बाई कितीतरी दिवस जे शब्दांनी सांगत होत्या ते सगळं तिथं होतं, आणि त्यांनी एकही शब्द वाढवून सांगितला नव्हता.

मग बाईंनी बाटली हातात घेतली. त्या किती वेळ तशा उभ्या होत्या कोण जाणे. शिपाई आकाशाकडं बघायला लागले. फौजदार कोल्हापूरकडचे, धिप्पाड, झुपकेदार मिशांचे. ते घसा साफ करून हळूच म्हणाले, "बाई, घोटभर घ्यायची तर घ्या. मी तिकडं तोंड करतो."

"नको," बाई म्हणाल्या. "मुद्देमाल आहे तो. आणि बरोबर खायला काही नाही."

त्यांनी बाटली परत दिली. शिपायानं ती गटारात उलटी केली. दाट, तांबूस काळं पाणी सावकाश गेलं आणि अंगणात बराच वेळ अंजिराचा वास राहिला.

घरी मी बाबांना सगळं सांगितलं. "नुसता वास?" त्यांनी विचारलं. "नुसता वास," मी म्हटलं. "चुलत्यांसारखा नव्हता." बाबांनी बुद्धाच्या तसबिरीकडं पाहिलं. मग त्यांनी जेवायला वाढायला सांगितलं.

मला फ्रेंच कागदांचं टेबल मिळालं. तरी मी शिकवणीला जात राहिलो. काकू आता सणाला बाईंना ताट पाठवायच्या आणि वर निरोप द्यायच्या, "याला काय लागतं तेही कळवा." वाडीतली पोरं एकमेकांना चिडवायची, "तुझ्या वडापावाला..." नव्हे, तेव्हा वडापाव नव्हता. "तुझ्या भजीला रिव्हसाल्त!" असं ती ओरडायची. आणि बाई खिडकीतून गंभीरपणे दुरुस्त करायच्या, "भजीला नाही. कांद्याच्या भजीला."

पुढं एका हिवाळ्यात बाईंना विषमज्वर झाला. पुष्कळ दिवस त्या पडून होत्या. उठल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. शिकवणी पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी गेलो तर त्या म्हणाल्या, "या. कसे आहात?"

मी दारातच थबकलो. चारचौघांसारखा हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तेच चाललं. काकूंनी मला जिन्यात गाठलं. "ताट पाठवलं तर नुसतं 'छान होतं' म्हणतात हो. मला भीती वाटते." एकेकाळी ज्या बोलण्याला त्या तोंडाला पदर लावायच्या, ते बोलणं थांबलं म्हणून आता त्या घाबरल्या होत्या.

शेवटी मी विचारलंच. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "वास गेला," त्या म्हणाल्या. "तापात गेला. डॉक्टर म्हणतात येईल, पण ते डोळ्यांत बघून बोलत नाहीत. जिभेला मीठ कळतं, साखर कळते, आंबट-कडू कळतं. बाकी सगळं सारखंच. लापशी."

मी काहीतरी धीराचं बोललो असेन. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि धडा उघडला.

महाराष्ट्र झाला. गिरगावात कंदील लागले, लालबाग-परळात गुलाल उधळला, लोक नाचले. वाडीत पेढे वाटले. बाईंनी एक पेढा तोंडात टाकला, पाणी प्यायल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बुद्धपौर्णिमा आली. आमच्या चाळीत सगळ्यांनी मिळून मोठ्या पातेल्यात खीर केली. आईनं डबा भरला आणि म्हणाली, "तुझ्या बाईंना नेऊन दे." मी म्हटलं, "आई, त्यांना आता वास येत नाही." आई म्हणाली, "मग काय झालं? तोंड आहे ना?"

बाईंनी डबा उघडला. सवयीनं वाकल्या, मग सरळ झाल्या. वाटी घेतली, चमचा घेतला, आणि तो तसाच धरून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुम्ही सांगा."

"काय?"

"वास. तुम्ही घ्या आणि मला सांगा."

मी डबा जवळ ओढला. "दूध आहे," मी म्हटलं. "वेलदोडा. बासमती तांदळाचा मंद सुगंध..."

"खोटं," बाई म्हणाल्या. "बासमती तुमच्या चाळीत कुणी आणला? ही कुठल्याही खिरीची गोष्ट झाली. या खिरीची सांगा."

मी डोळे मिटले. पुन्हा वास घेतला, या वेळी सावकाश. "तळाला लागलीय," मी म्हटलं.

"किती?"

"थोडीच. पातेलं फार मोठं होतं, शेजारच्या चाळीतून आणलेलं. ढवळणाऱ्या बायका गात होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. करपल्याचा वास आहे, पण कडू नाही. धूर आहे. चुली चौकात मांडल्या होत्या, लाकूड ओलं होतं. गुळाचा वास आहे, पिवळ्या नव्हे, काळ्या गुळाचा. आईच्या हाताला लसूण असतो, तो डब्याच्या झाकणाला लागलाय. वेलदोडा खरंच आहे, पण एका पुडीत अख्ख्या चाळीचा, म्हणून लांबून येतो."

बाईंनी पहिला चमचा तोंडात घातला. हळूहळू गिळला. मग दुसरा. मी मेणबत्त्यांचं सांगितलं, कारण खीर वाढली तेव्हा शेजारी मेणबत्त्या जळत होत्या आणि तो वास थोडासा सायीवर बसला होता. बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीळ घातलेला सदरा घातला होता आणि डबा त्यांनीच माझ्या हातात दिला होता, तेही सांगितलं. ते वासात होतं की नव्हतं हे मला अजून सांगता येणार नाही, पण बाईंनी हटकलं नाही. त्या खात होत्या.

वाटी रिकामी होईपर्यंत मी बोलत राहिलो.